डोंगरावर वणवा दिसला तर: फोन कसा करायचा, जीव कसा सांभाळायचा आणि पुरावा कसा राखायचा

फेब्रुवारी अर्धा सरला की ग्रुपवर डोंगर पेटल्याचे व्हिडिओ यायला लागतात आणि खाली एक कमेंट ठरलेली, "वनखातं झोपलंय का?" झोपलेलं नसतं हो. एका वनरक्षकाकडे एक अख्खं बीट (म्हणजे त्याच्या वाट्याचा जंगलाचा पट्टा) असतं, हाताशी दोन-चार हंगामी फायर वॉचर, आणि आग विझवायची पण त्यानेच, पंचनामा त्यानेच, पेटवणारा शोधायचा तो पण त्यानेच. म्हणजे फायर ब्रिगेड आणि पोलीस एकाच खाकीत. तर व्हिडिओ टाकण्यापलीकडे आपण त्याच्या कामाला येईल असं काय करू शकतो ते लिहितोय, महाराष्ट्रापुरतं, कारण इथलं मला माहितीय. आपल्याकडे वणव्याचा सीझन साधारण १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात.

पहिली गोष्ट फोन. वनखात्याची हेल्पलाईन १९२६, टोल फ्री. माणसं अडकली असतील किंवा आग वस्तीकडे सरकत असेल तर ११२ पण लावा. पण खरं सांगू का, सगळ्यात लवकर माणूस हलतो तो गावातून. म्हणून ट्रेकला निघतानाच पायथ्याच्या गावात पोलीस पाटील नाहीतर सरपंचाचा नंबर घ्यायचा, आणि चहाच्या टपरीवर सहज विचारायचं, "इथले गार्डसाहेब (म्हणजे वनरक्षक) कोण हो?" दोन मिनिटांचं काम आहे, वर गेल्यावर रेंज मिळेल तेव्हा तेवढाच नंबर कामाला येतो.

आता फोनवर काय सांगायचं, आणि इथेच बहुतेकांची गडबड होते. लोक काय करतात, व्हॉट्सअॅपवर लोकेशन पाठवून मोकळे होतात. अरे पण ते लोकेशन तुमचं आहे, आगीचं नाही! तुम्ही उभे माचीवर, आग समोरच्या सोंडेवर, मधे दरी, आणि टीम गाडी काढून येते तुमच्या पायथ्याला, तिथून पलीकडे जायला अजून दोन तास. त्यामुळे लोकेशन पाठवलंत तरी सोबत लिहा की मी इथे आहे, आग माझ्या पूर्वेला (फोनमध्ये कंपास असतो, बघा जरा), अंदाजे इतकी लांब, अमुक वाडीच्या वरच्या अंगाला. मग आग चढतेय की उतरतेय, वारा कुठून कुठे, जळतंय ते नुसतं गवत की झाडी, जवळ रस्ता किंवा पाणी आहे का, आणि त्या बाजूला गुरं-माणसं दिसतायत का. एक साधा फोटो पाठवा ज्यात मागची ओळखीची कडा किंवा सुळका येईल, स्थानिक गार्ड तो बघून बरोबर जागा ओळखतो, त्याला कक्ष क्रमांक (खात्याने जंगलाच्या तुकड्यांना दिलेले नंबर) सुद्धा तोंडपाठ असतो. ज्वाळांचा झूम करून काढलेला फोटो भारी दिसतो पण त्यावरून जागा कळत नाही.

मधेच कोणीतरी म्हणतो सॅटेलाईटवर दिसतंच की, आपण कशाला सांगायचं. दिसतं, खोटं नाही. डेहराडूनची फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया सॅटेलाईटवरून आगीचे अलर्ट पाठवते, आणि त्यांच्या पोर्टलवर नाव नोंदवलं तर आपल्यालाही येतात, जरूर नोंदवा. पण सॅटेलाईट काही डोंगरावर टक लावून बसलेला नसतो, दिवसातून ठरलेल्या वेळी डोक्यावरून जातो, आणि त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवर ३७५ मीटरचा चौकोन. दुपारी तीनला कुणीतरी बांधावर काडी ओढली तर ती आग पहिल्या अर्ध्या तासात दिसणार तुम्हालाच. आणि तो पहिला अर्धा तासच महत्त्वाचा, तेव्हा चार माणसांत विझते, नंतर चाळीस लागतात.

आता जीव. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत थेनीजवळच्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर्स वणव्यात सापडले आणि वीसहून जास्त जण गेले, त्यामुळे हे नीट वाचा. आग चढावर फार जोरात धावते कारण खालची ज्वाळा वरचं गवत आधीच तापवून ठेवते, तुम्ही पळून तिला हरवू शकत नाही. म्हणून आग खाली असेल तर सरळ वर पळायचं नाही, आडवं सरकायचं, आगीच्या कडेच्या बाहेर. घळीत, नाळेत अजिबात शिरायचं नाही, ती वाट सोपी वाटते पण धूर आणि आच तिथूनच वर ओढली जाते. जायचं कुठे? उघडा कातळ, नांगरलेलं शेत, टाकं, ओढ्याचं मोठं पात्र, नाहीतर सरळ आधीच जळून काळी पडलेली जागा. तिथे पाय भाजतील, बूट खराब होतील, पण तिथे जळायला काही उरलेलं नसतं. नायलॉन-पॉलिस्टरचं जॅकेट काढून टाका, ते वितळून कातडीला चिकटतं. सुती रुमाल तोंडावर बांधायचा, धूर असेल तिथे खाली वाकून चालायचं. आणि संध्याकाळी एक फसगत होते, दिवसभर वर वाहणारा वारा सूर्य गेला की उलटतो आणि उताराला लागतो, मग दुपारी सेफ वाटलेली खालची वाट रात्री तशी राहत नाही.

विझवायला मदत करायची का? गार्ड किंवा गावची अनुभवी माणसं सोबत असतील आणि त्यांनी सांगितलं तरच. आपली आग बहुतेक जमिनीलगतची असते, गवत आणि पाचोळ्याची, त्यामुळे ती झोडपून विझते. ओल्या पाल्याची डहाळी घ्यायची, पण आपण समजतो तसं वरून दाणदाण हाणायचं नसतं, त्याने ठिणग्या उडून मागे दुसरीकडे पेटतं. पाला ज्वाळेवर दाबायचा आणि जळालेल्या बाजूकडे ओढायचा. आगीच्या तोंडासमोर कधीच उभं राहायचं नाही, काळ्या झालेल्या बाजूने, आगीच्या शेपटाकडून म्हणजे मागच्या टोकाकडून सुरू करून कडेकडेने पुढे सरकायचं. खात्याकडे हल्ली ब्लोअर असतात, पाठीवरचं मशीन, ते पाचोळा उडवून समोर मोकळी पट्टी करतात, तो चालू असताना त्याच्या पुढे जाऊ नका. आणि समोरून उलटी आग लावणं (वणवा पोचायच्या आत पुढचं गवत आपणच जाळून टाकणं) हे तर त्यांचंच काम, व्हिडिओ बघून ते करायला जाल तर एका वणव्याचे दोन होतील आणि दुसऱ्याचे आरोपी तुम्ही.

आग विझली असं वाटतं तेव्हाच खरा धोका असतो. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात आग विझवताना तीन हंगामी मजुरांचा जीव गेला, जंगल ओळखणारी माणसं होती ती, आपण तर पाहुणे. वाळकं खोड आतून रात्रभर धुमसतं, उतारावर जळका ओंडका सुटून घरंगळत खाली कोऱ्या गवतात जातो आणि पुन्हा सुरू. म्हणून गार्ड लोक नंतरही कडेने फिरत राहतात, माती ओढत राहतात. तुम्हाला सांगितलं "आता खाली जा" तर हुज्जत न घालता खाली जा, पाणी आणि खायला वर पाठवायची सोय केलीत तर त्यांना त्याचा जास्त उपयोग होईल.

आता कायद्याचं, कारण हा भाग कोणी सांगतच नाही. राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अभयारण्य असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३० लागतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि भीमाशंकर, हरिश्चंद्रगड, कळसूबाई, वासोटा ही आपली नेहमीची ठिकाणं अभयारण्याच्या पट्ट्यातच येतात हो, तिथे मार्चमध्ये शेकोटी करून गिटार वाजवणारे ग्रुप मला कळतच नाहीत. वन अधिकारी संशयावरून विनावॉरंट अटक करू शकतात. आणखी एक, जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली तर त्या जंगलातले चराईचे आणि वनउपजाचे हक्क काही काळ बंद करायचा अधिकार सरकारला आहे. म्हणजे काडी एकाने ओढायची आणि गुरं सगळ्या गावाची अडायची. हे ग्रामसभेत एकदा वाचून दाखवलं ना, तर बोर्डापेक्षा जास्त फरक पडेल. जंगलातून चारा-लाकूड घ्यायचा ज्यांना हक्क आहे त्यांनी आगीची खबर देणं आणि विझवायला हातभार लावणं हे वन अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे बंधनकारकच आहे.

पण केस उभी राहते पुराव्यावर, आणि तो आपण पायाने तुडवतो. आग जिथून सुरू झाली ती जागा बहुतेकदा छोटी असते. मोहाच्या झाडाखालचा साफ केलेला गोल, पायवाटेकडेचं बिडीचं थोटूक, अर्धवट जळालेली काड्यापेटी, तीन दगडांची चूल. तिथे गर्दी करायची नाही, काही उचलायचं नाही, बाजूने फोटो काढायचा, आधी लांबून मग जवळून, शेजारी पेन ठेवून म्हणजे आकार कळतो. खोडांवरचा काळा डागही बघून ठेवा, एका अंगाला तो वर चढलेला दिसतो, अशा बऱ्याच खोडांवरून तपास करणारा माणूस आग कुठून आली ते मागे मागे शोधत जातो. गाडी दिसली असेल तर नंबर आणि वेळ. माणूस दिसला तर कपडे, कुठे गेला, एवढंच लक्षात ठेवा, त्याला पकडून मारहाण करायची नाही आणि नाव ग्रुपवर टाकायचं नाही. चुकीचा निघाला तर अब्रू त्याची जाते, आणि बरोबर निघाला तर बातमी वाचून तो पसार होतो.

सगळेच काही मुद्दाम पेटवत नाहीत हे पण मान्य करा. मोहफुलं दिसावीत म्हणून खालचा पाचोळा जाळतात, तेंदूला (ज्याच्या पानाची बिडी होते) नवी पालवी यावी म्हणून, गवत चांगलं येतं म्हणून, आणि आपल्या घाटात-कोकणात राब भाजतात, म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा जाळतात. मोहाखाली जाळी अंथरली तर जाळायची गरजच उरत नाही, फुलं पण स्वच्छ मिळतात. राब भाजायचाच असेल तर आदल्या दिवशी गार्डला सांगा, चारी बाजूंनी पट्टा खरवडून घ्या, सकाळी वारा पडलेला असताना पेटवा आणि राख हाताला थंड लागेपर्यंत तिथून हलू नका.

शेवटी, गार्डने तुमचं नाव-नंबर घेतला, जबाब द्याल का विचारलं, तर टाळू नका. जबाब वाचून मगच सही करा, वेळ-जागा बरोबर लिहिलीय ना बघा, आणि मूळ फोटो फोनमधून डिलीट करू नका, व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड केलेल्या फोटोतून वेळ आणि जागेची माहिती उडून जाते.