दुसरी फळी तयार होत नाही? या चुका टाळा

चतुर्थी जवळ आली की गोव्यातल्या अनेक गावांत एकच चर्चा सुरू होते. महिला बचत गटाच्या अध्यक्षबाई आजारी आहेत, मग यंदा नेवऱ्या-चकल्यांचा स्टॉल लावायचा की नाही? देवळाच्या उत्सवातलं नाटक बसवणारे काका मुलाकडे मुंबईला गेले, मग नाटक होणार की नाही? भजनी मंडळ असो, शिगम्यातलं रोमटामेळाचं पथक असो की गावची सोसायटी, एक माणूस बाजूला झाला की सगळं अडतं. वर ठरलेला शेरा, "हल्लीच्या मुलांना जबाबदारी नको असते." मला हे पटत नाही. मुलांकडे कामं दिलेली असतात, पण ठरवायचा हक्क कुणी दिलेला नसतो. खरी अडचण तिथे आहे.

काम दिलं, निर्णय दिला नाही

ही सगळ्यात मोठी चूक. स्टॉलवर गटाची नवी सचिव बसली आहे. एक गिऱ्हाईक वीस पाकिटं एकदम घ्यायला तयार आहे, पण थोडी सूट मागतं. ती अध्यक्षबाईंना फोन लावते. फोन लागत नाही. गिऱ्हाईक पुढच्या स्टॉलवर जातं. संध्याकाळी तिला ऐकावं लागतं, "एवढं तुला ठरवता आलं नाही?" आणि तिने स्वतःहून सूट दिली असती, तर ऐकावं लागलं असतं, "कुणाला विचारून दिलीस?" दोन्हीकडून बोलणीच खायची असतील, तर पुढच्या वर्षी ती कशाला बसेल?

उपाय सोपा आहे, पण तो आधी करायचा असतो. मर्यादा आकड्यात सांगा. "दहा टक्क्यांपर्यंत सूट तू ठरव, पाचशे रुपयांपर्यंतचा खर्च तू कर, उधारी मात्र मला विचारल्याशिवाय द्यायची नाही." एवढं सांगितलं की फोन करायची गरज उरत नाही. त्या मर्यादेत तिने जे ठरवलं ते तुम्हाला आवडलं नाही, तरी चारचौघांत ते फिरवू नका.

बँकेच्या खात्यावर सह्या कुणाच्या आहेत, तेही एकदा तपासा. पदाधिकारी बदलतात, ठरावाच्या वहीत नवी नावं येतात, पण बँकेत जुन्याच सह्या राहतात. खजिनदाराला स्वतःच्या सहीने पैसे काढता येत नसतील, तर ती नावापुरतीच खजिनदार. ठराव झाला त्याच आठवड्यात नव्या पदाधिकाऱ्यांना घेऊन बँकेत जा.

तिचं उत्तर तुम्ही देता

मासिक बैठकीत हे अगदी समोर दिसतं. नवी खजिनदार वही उघडते, जमा वाचते, खर्चापाशी येते. कुणीतरी विचारतं, "नारळांचे पैसे एवढे कसे झाले?" ती पान उलटत असते. तेवढ्यात अध्यक्षबाई जागेवरूनच सांगून टाकतात, "अगं, दर वाढलाय ना." मदतीच्या भावनेनेच सांगतात, तरी त्या क्षणी सगळ्यांच्या नजरा खजिनदारावरून अध्यक्षबाईंकडे वळतात, आणि पुढचा प्रश्न थेट त्यांनाच येतो.

गप्प बसा. ती पान शोधेपर्यंत थांबा. प्रश्न तुमच्याकडे आलाच तर म्हणा, "हिशेब तिच्याकडे आहे, तिलाच विचारा." आणि बैठकीच्या आदल्या दिवशी तिच्याबरोबर वहीवरून एकदा नजर फिरवा. शिकवायची वेळ ती, बैठकीतली नव्हे.

पंचायतीत तर ही चूक फार महाग पडते. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. पण राखीव प्रभाग पाळीपाळीने बदलतात. ज्या पंच बाईच्या वतीने पाच वर्षं नवराच बोलला, तिचा प्रभाग पुढच्या वेळी खुला झाला की ती कुणाच्या जोरावर उभी राहणार? तिला ग्रामसभेत स्वतः उत्तरं द्यायला मिळाली असती, तर लोकांनी तिला तिच्या कामावरून ओळखलं असतं.

सगळं डोक्यात ठेवणं

नाटकाचे कपडेपट कुणाकडून आणायचे, पेटीवाल्याला किती दिवस आधी सांगायचं, ध्वनिक्षेपकाचा परवाना कुठे मिळतो, हे सगळं एकाच माणसाला माहीत. एक वही करा. नावं, नंबर, तारखा, गेल्या वर्षीचे दर. ती वही देवळाच्या कपाटात राहू द्या, स्वतःच्या घरी नको.

उत्तम नट म्हणजे उत्तम दिग्दर्शक, असं धरून चालणं

ज्याचं स्वतःचं काम चांगलं, त्यालाच पुढे करतात. पण माणसं सांभाळणं हे वेगळं काम आहे. तालमीला उशिरा आलेल्या मुलाला न दुखावता कामाला लावणारा कोण आहे, ते पाहा. बऱ्याचदा तो पडद्यामागे सापडतो.

दुसरीकडे शिकू न देणं

"आमचा पोरगा त्या पथकात कशाला?" या भीतीने चांगली माणसं खुंटतात. कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर जयपूर-अत्रौली घराण्याच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. घराण्याची शिस्त कडक. तरी त्यांची मुलगी किशोरी आमोणकर आग्रा घराण्याच्या अन्वर हुसेन खाँकडे शिकली, भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकली. पुढे किशोरीताईंनी गाण्याचा जो स्वतंत्र विचार मांडला, तो सगळ्यांसमोर आहे. गावच्या पथकाने एवढा मोठेपणा नक्की दाखवावा.

एकदा चुकलं की काम काढून घेणं

वास्कोच्या दामोदर सप्ताहात २४ तास अखंड भजन चालतं, मंडळं पाळीपाळीने गातात. अशा ठिकाणी नव्या मुलाला गायला बसवलं आणि त्याचा ताल सुटला, की ज्येष्ठ लगेच अभंग स्वतःकडे घेतात. भजन सावरतं, पण मुलगा त्या दिवसापासून झांजेवरच राहतो. त्यापेक्षा झांज आणि पखवाज सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, ठळक दाखवू दे, त्याला सापडू दे. दुसऱ्या दिवशी त्याच्याशी एकट्याने बसा. कुठे सुटलं, का सुटलं, पुन्हा तिथे आलास तर काय करशील, हे त्याच्याच तोंडून ऐका. मग पुढच्या एकादशीला तोच अभंग त्यालाच द्या, आणि हे त्याला आजच सांगून ठेवा, म्हणजे तयारीला दिवस मिळतील.