शैक्षणिक ॲपचं डिझाइन: कोणती चूक अडवायची, कोणती होऊ द्यायची

बँकेच्या नाहीतर दुकानाच्या ॲपवर डिझाइन शिकलेले नवखे शैक्षणिक ॲपमध्ये हमखास एका जागी फसतात. ॲप वापरायला सोपं कसं करावं याचे अभ्यासक जेकब नील्सन यांच्या १९९४च्या दहा निकषांतला ‘चूक आधीच टाळा’ हा निकष ते जसाच्या तसा लावतात. १५७ भागिले ६ हा भागाकार घ्या. चुकीच्या अंकांची बटणं बंद ठेवली, तर मूल जे बटण चालतं ते दाबून मोकळं होतं. भागाकार येत नाही तो नाहीच. इथे चूक होऊ द्या. मुलाने २५ लिहिले, की बाकी ७ आणि भाजक ६ शेजारी-शेजारी दाखवा आणि थांबा. तरीही अडलं तरच विचारा, ‘७ मधून अजून एकदा ६ जातील का?’ मात्र बोट चुकून ॲप बंद होणं, लिहिलेलं पुसलं जाणं, हे कडेकोट अडवा. डोक्याची मेहनत ठेवायची, पडद्याशी होणारी झटापट काढायची.

ॲपची मुलांसोबतची चाचणी कागदावर, पेन्सिलने काढलेल्या पडद्यांनी सुरू करा. शाळेची आणि पालकांची परवानगी घ्या. व्हिडिओ नको, हाताने नोंदी पुरतात. ‘मनात काय चाललंय ते बोल’ म्हटलं, की एकटं मूल गप्प होतं. दोघांना एकत्र बसवलं, की ती आपसांत बोलतात. अमळनेर-शिरपूरकडे ते बोलणं अहिराणीत होईल, धडगावकडे पावरी किंवा भिलीत. नोंदी घेणाऱ्याला ती भाषा यायलाच हवी, नाहीतर मूल कुठे अडलं ते दिसतं, का अडलं ते कळत नाही. पहिल्या फेरीला पाच जोड्या पुरे. ‘आवडलं का?’ विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी दोन दिवसांनी तशीच तीन गणितं वहीत द्या. ॲपवर जमलेलं वहीत जमेना, तर डिझाइन फसलं. या नोंदी आणि त्यावरून बदललेला पडदा पोर्टफोलिओत ठेवा. मुलाखतीत देखण्या चित्रांपेक्षा त्यावरच बोलता येतं.

बटणाची उंची इंग्रजी अक्षरांवरून ठरवली, की रफार आणि उकार कापले जातात; ओळीची उंची अक्षराच्या निदान दीडपट ठेवा. बटण किमान ४८ डीपी (अँड्रॉइडवर पडद्याची मापं मोजायचं एकक), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. अक्षर आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन्हींच्या उजळपणातला फरक, ४.५ : १ हा किमान आकडा आहे, व्हरांड्यातल्या उन्हात तो अपुरा पडतो, म्हणून पडदा दुपारी बाहेर नेऊन पाहाच. सातपुड्यातल्या पाड्यांवर रेंजचा भरवसा नाही, तेव्हा आवाज आणि चित्रं ॲपमध्येच भरा आणि प्रगती फोनवर साठवा. घरातला एकच फोन भावंडांत फिरतो. ॲपमध्ये शिरताना ओळख म्हणून प्रत्येकासाठी वेगळं चित्र द्या, पासवर्ड नको.