वक्तृत्व स्पर्धेत पोरं अडकतात कुठं? या चुका टाळा (बऱ्याचशा आपल्याच हायत)

कोल्हापुरात जूनमध्ये शाळा उघडतात न उघडतात तोवर वर्गाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर स्पर्धेचा मेसेज येऊन पडतो. २६ जूनला शाहू जयंती, मग १ ऑगस्टला टिळकांची पुण्यतिथी आणि त्याच दिवशी अण्णाभाऊ साठेंची जयंती, म्हणजे दोन महिने घरात नुसतं भाषणच. आणि मग सुरू होतं ते नेटवरनं भाषण उतरवून घ्यायचं, पोराच्या डोक्यात कोंबायचं आणि स्पर्धेच्या दिवशी पुढच्या रांगेत जाऊन बसायचं.

मी पण हेच केलंय, म्हणून सांगतोय. पोरगी तिसरीत होती. शाहू महाराजांवरचं भाषण मी लिहिलेलं, "समतेचे पुरस्कर्ते, बहुजनांचे उद्धारक, रयतेचे कैवारी" असं एकदम दणक्यात. पोरगी "समतेचे" पर्यंत आली आणि थांबली. मी खालनं ओठ हलवून सांगायला लागलो तर ती माईकमध्येच म्हणाली, "पप्पा, ऐकू येईना!" सगळा हॉल हसला, ती रडली आणि घरी येताना गाडीवर मागं बसून एक शब्द बोलली नाही. त्या दिवसापासनं मी पुढच्या रांगेत बसत नाही. मागं दाराजवळ उभारतो, तिला दिसणार नाही असा.

आता चूक कुठं झाली बघा. पुरस्कर्ते म्हणजे काय हे तिला माहीतच नव्हतं. कळलेलं वाक्य विसरलं तर पोरगं आपल्या शब्दात कसंतरी पुढं ढकलतं, न कळलेलं विसरलं की तिथंच खांब. म्हणून भाषण लिहायच्या आधी पोराला ती गोष्ट नुसती सांगा, मग त्याला म्हणा आता आज्जीला सांग, आणि ते जे बोलतंय ते कागदावर घ्या. १९०२ साली ५० टक्के आरक्षण दिलं हे वाक्य तिसरीतलं पोरगं पोपटासारखं म्हणतं पण टक्के कशाशी खातात ते त्याला कुठं ठाऊक, त्यापेक्षा "शंभरातल्या पन्नास जागा मागास समाजासाठी ठेवल्या" म्हणू दे. १९१७ ला महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत धाडलं नाही तर आईबापाला महिन्याला १ रुपया दंड, हे तर पोरं हसत हसत सांगतात कारण त्यात आईबापाला दंड आहे!

पाठ करायची पद्धत पण बदला. सुरुवातीपासनं रोज म्हणून घेतलं की पहिली चार वाक्यं लोखंडासारखी पक्की आणि शेवट कच्चा. भाषणाचे चारपाच तुकडे करा, प्रत्येकाचं एक चित्र त्यालाच काढू दे (मुकुट, शाळा, धरण असं काहीबाही) आणि मधनंच विचारा, "धरणापासनं म्हण." स्टेजवर अडकलं तर काय करायचं हे पण आधीच ठरवून ठेवा: थांबायचं, एक श्वास घ्यायचा, पुढच्या चित्रावर उडी. "सॉरी" म्हणायचं नाही आणि पहिल्यापासनं परत सुरू तर अजिबात करायचं नाही. काय सुटलं ते परीक्षकांना कुठं माहीत असतंय!

रेडीमेड भाषणातल्या चुका हा वेगळाच विषय. नेटवर बिनधास्त "जन्म कागल येथे झाला" असतंय. महाराज कागलच्या घाटगे घराण्यातले हे खरं, पण जन्म १८७४ चा, कसबा बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसमधला. कोल्हापुरातल्या परीक्षकापुढं हे चुकलं तर तो मान वर करून बघणारच. त्यापेक्षा रविवारी पोराला बावड्याला नेऊन जागा दाखवा, नंतर तारीख वेगळी पाठ करावी लागत नाही. कोण कोण तर साताऱ्याचे शाहू महाराज, म्हणजे संभाजीराजांचे पुत्र, आणि आपले राजर्षी यांची एकत्र मिसळ करतंय. आणि टिळकांवर बोलताना शेंगांची टरफलं सांगू नका असं नाही, पण त्या दिवशी परीक्षकांनी ती पंधरा वेळा ऐकलेली असतात.

वेळेचं सांगतो. लहान गटाला बऱ्याच ठिकाणी ३ मिनिटं असतात. त्यातला अर्धा मिनिट "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो" यातच जातो. एका ओळीत नमस्कार उरका. अडीचशे शब्दांच्या वर लिहू नका आणि मोबाईलवर टाइम लावून उभं राहूनच म्हणून घ्या, गादीवर लोळत म्हटलेलं धरायचं नाही. घंटा वाजली की काय करायचं ते पण सांगून ठेवा, नाहीतर वॉर्निंगच्या घंटेलाच जय हिंद करून खाली उतरणारी पोरं मी बघितल्यात.

माईक तोंडापासनं एक वीत लांब, घरी लाटणं धरून सराव चालतोय. उंची जमत नसेल तर पोरानं सरळ म्हणावं, "सर, माईक खाली करा." त्याचे मार्क जात नाहीत. हातवारे शिकवून बसवू नका, "आकाश" म्हटलं की हात वर हे बघवत नाही. न आणि ण चं मात्र जरा बघा, "आनि", "पानी" असे रोजचे आठदहा शब्द घोटून घ्या, पण त्याचा कोल्हापुरी हेल काढून टाकायच्या भानगडीत पडू नका, तो काढला की पोरगं दुसऱ्याच कुणाचं तरी वाटायला लागतंय.

सकाळी झणझणीत मिसळ नको, घसा बसतो. ती नंतर खावा, नंबर येवो न येवो. आणि सर्टिफिकेट मिळालं की नाव तिथंच वाचून घ्या, आमच्याकडच्या दोन्हीवर आडनाव चुकलंय.