कॉम्प्युटरवरचं गाणं घरभर, वायर न ओढता

आमच्याकडे बाहेरच्या खोलीत बाबांचा जुना स्टिरिओ आहे, माझ्या टेबलाशेजारी एक छोटा अ‍ॅम्प आणि स्वयंपाकघरात स्वतःचा अ‍ॅम्प असलेले बारके स्पीकर. गाण्यांचा साठा मात्र सगळा एकाच कॉम्प्युटरवर. आधी मी दाराच्या फटीतून लांब वायर नेली होती. एकदा तिच्यातच पाय अडकला आणि अ‍ॅम्प टेबलाच्या कडेला येऊन थांबला. त्या दिवशी वायर गुंडाळून ठेवली.

एकाच खोलीत गाणं हवं असेल तर स्टिरिओला ब्लूटूथ रिसीव्हर लावा आणि पुढचं वाचायच्या भानगडीत पडू नका. मीही तिथूनच सुरुवात केली होती. पण साधारण १० मीटरची मजल, मध्ये भिंत आली की तीही कमी, आणि कॉम्प्युटर सहसा एका वेळी एकाच रिसीव्हरला आवाज देतो. दुसरी खोली आली की वाय-फायला पर्याय नाही.

वाय-फायला हे ओझं जड नाही. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात, घरातलं कुठलंही धड वाय-फाय तेवढं सहज वाहतं. खरी अडचण वेळेची. प्रत्येक यंत्राचं घड्याळ वेगळं. दोन घड्याळांत दहा लाखांत पन्नास इतकाच फरक धरला, तरी अर्ध्या तासात ९० मिलिसेकंदांची तफावत पडते. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे शेजारच्या खोलीतला स्पीकर ३० मीटर लांब गेल्यासारखा ऐकू येतो. दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभं राहिलं की गाणारी बाई स्वतःचीच नक्कल करतेय असं वाटतं. म्हणून घड्याळं जुळवून घेणारीच पद्धत निवडा, बाकी गुण नंतर बघा.

घरात मॅक असेल तर एअरप्ले, म्हणजे अ‍ॅपलची वाय-फायवरून आवाज पाठवायची सोय, वापरा. मॅकच्या म्युझिक अ‍ॅपमधून एकाच वेळी अनेक स्पीकर निवडता येतात. जुना स्टिरिओ एअरप्ले ओळखत नाही, पण त्याला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर (पुढे नुसतं ‘पाय’) जोडून त्यावर शेअरपोर्ट सिंक हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं की तो यादीत दिसू लागतो. माझा कॉम्प्युटर लिनक्सचा, म्हणून मी स्नॅपकास्ट हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यातला सर्व्हर, म्हणजे गाणं पाठवणारा भाग, आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर वेळेचा शिक्का मारतो, खोल्यांमधले क्लायंट, म्हणजे स्पीकरला जोडलेले पाय, सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवतात आणि ठरल्या क्षणीच तो तुकडा वाजवतात. त्यासाठी आवाज मुळात १ सेकंद उशिराने सोडलेला असतो. गाण्याला त्याचं काही नाही. सिनेमा बघताना मात्र ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, तिथे सरळ वायरचे हेडफोन लावा.

एक सूचना आवर्जून. कॉम्प्युटरचा सगळा आवाज पाठवू नका, फक्त गाण्याच्या प्लेअरचाच पाठवा. मी पहिल्यांदा सगळाच पाठवला होता. रात्री साडेअकराला एक ईमेल आली आणि तिची टिंग बाबांच्या स्टिरिओतून घंटेसारखी घुमली. आता एमपीडी हा प्लेअर थेट स्नॅपकास्टच्या सर्व्हरला आवाज देतो, टिंग माझ्या टेबलापाशीच राहते.

आता जोडणी. पायच्या ४ या मॉडेलला हेडफोनचं भोक आहे, पण त्यातून आवाज यथातथाच येतो. पाय ५ आणि पाय झीरो या मॉडेलांना तर ते नाहीच. छोटा यूएसबी डॅक, म्हणजे डिजिटल आवाजाचा स्टिरिओला चालणारा सिग्नल करणारी डबी, लावा, फरक लगेच कळतो. डॅकमधून निघणाऱ्या वायरच्या टोकाला दोन आरसीए पिना असतात, लाल उजवी आणि पांढरी डावी. त्या स्टिरिओच्या मागे ऑक्स, सीडी किंवा टेप इन लिहिलंय तिथे खोचा. फोनो लिहिलेल्या जागी अजिबात नाही. ती जागा रेकॉर्डच्या सुईच्या काही मिलिव्होल्टांसाठी असते, आलेला आवाज शंभरेक पट वाढवते आणि वर खर्ज फुगवते. मी अंधारात चाचपडत नेमकी तिथेच पिन खोचली होती. गाणं चिखलात बसून म्हटल्यासारखं फाटकं आलं, आणि स्टिरिओ बिघडला म्हणून बाबा माझ्याकडे बघत राहिले. गाणं थांबल्यावर बारीक घुरघुर राहिली तर आधी पायचा चार्जर बदलून बघा, माझी तेवढ्यानेच गेली.

क्लायंट सर्व्हरला सापडतच नसेल तर दोन्ही एकाच नेटवर्कवर आहेत ना, ते तपासा. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर सहसा यंत्रांना एकमेकांशी बोलू दिलं जात नाही. सर्व्हरला राउटरपर्यंत वायर द्या, म्हणजे आवाजाला हवेतून एकच फेरी करावी लागते. पायच्या वाय-फायची वीज वाचवायची सोय बंद करा, नाहीतर मध्येच आवाज तुटतो. स्वयंपाकघरात मी पाय झीरो २ डब्ल्यू लावला होता. मायक्रोवेव्ह चालू झाला की गाणं अडखळायचं, कारण दोघांचाही कारभार २.४ गिगाहर्ट्झवर आणि या पायला ५ गिगाहर्ट्झ येतच नाही. तिथे पाय ४ आणून ५ गिगाहर्ट्झवर टाकला, तेव्हा थांबलं.

शेवटी सूर नाही, वेळ लावायची. मेट्रोनोम, म्हणजे लयीत टकटक करणारं अ‍ॅप, मिनिटाला ६० च्या लयीत सोडा आणि दोन खोल्यांच्या मधल्या दारात, दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर उभे राहा. एकच ‘टक’ आली तर झालं. ‘टटक’ आली तर आधी एक स्पीकर बंद करून मागे कोण पडतंय ते ओळखा. मग स्नॅपकास्टमध्ये त्या क्लायंटच्या लेटन्सीच्या (उशिराच्या) रकान्यात ५-५ मिलिसेकंद वाढवत जा. आकडा वाढला की तो क्लायंट तेवढा लवकर वाजवतो. आमच्या स्वयंपाकघरातले स्पीकर आवाजावर आतल्या आत काहीतरी प्रक्रिया करत बसतात, त्यांना ४० द्यावे लागले. बाबांच्या स्टिरिओला शून्य. ३५ वर मला ‘टक’ एकच वाटत होती, पण बाबांनी दारात येऊन मान हलवली, “अजून थोडी.”