लेकरांना बाहुल्या शिकवताय? या चुका टाळा

मराठवाड्यातल्या शाळांत हातात घालून नाचवायच्या बाहुल्यांची शिबिरं घेताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. त्या लेकरांच्या नसतात, शिकवणाऱ्या मोठ्यांच्या असतात.

सगळ्यात मोठी चूक डोक्याची. मागच्या रांगेला दिसावं म्हणून कागदाच्या लगद्याचं भरीव, भलंथोरलं डोकं करतात. परभणीकडच्या एका शाळेत १५ ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी अशीच डोकी केली होती. ऐन पावसाळा, वरून वाळलेली, आत ओली गच्च. तिसरीतली एक मुलगी राजा धरून उभी होती. दोन वाक्यांतच तिचा हात भरून आला. दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला, तरी राजा बोलता बोलता पडद्याआड उतरत गेला आणि शेवटी नुसता मुकुट दिसत राहिला. मागून सर ओरडत होते, "हात वर, हात वर!" पोरगी रडायला लागली. मला आजही त्या सरांचा राग येतो.

माझी रीत अशी: चुरगाळलेल्या वर्तमानपत्राचा मोसंबीएवढा गोळा, त्यावर खळीत भिजवलेल्या कागदी पट्ट्यांचे तीन-चार थर. पुरतं वाळल्याशिवाय रंग नाही, कितीही घाई असो. मानेची नळी जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची, आणि ती त्याच लेकराच्या तर्जनीला गुंडाळून करायची. मास्तरांच्या बोटाच्या मापानं केली की डोकं गरगर फिरतं. झगा बेततानाही हात कागदावर ठेवून अगदी कडेनं कापतात; हाताला जाडी असते हे विसरतात. चारी बाजूंनी दोन बोटं जास्त सोडा, शिलाई वेगळी.

खळ रोज ताजी शिजवा. टिकावी म्हणून मोरचूद टाकू नका. ते विष आहे आणि लेकरांची बोटं तोंडात जातात.

सुरुवात कळसूत्रीनं, म्हणजे दोऱ्यांनी नाचवायच्या बाहुल्यांनी, करू नका. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या ठाकर कलावंतांनी ही कला पिढ्यानपिढ्या जपली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांचे खेळ लेकरांना जरूर दाखवा, पण पहिल्याच दिवशी हातात दोऱ्या दिल्या तर अख्खा तास गुंता सोडवण्यात जातो.

दुसरी चूक मला अजिबात सहन होत नाही: मोबाईलवर संवाद रेकॉर्ड करून स्पीकरवर लावणं. म्हणे पोरं विसरतात! मग विसरू द्या की. आवाज एकीकडे, हात भलतीकडे, आणि लेकरं नुसती बाहुल्या धरून उभी. मी पाठांतर करूनच घेत नाही. गोष्ट सांगतो, कोण कुणाला काय म्हणेल ते त्यांनाच विचारतो. "कामून आलास रे?" असं विचारणारा राजा गावाला लगेच आपला वाटतो.

सगळ्या बाहुल्या एकदम हलवू नका. बोलेल ती हलेल, बाकीच्या तिच्याकडे बघतील. नजर छताकडे जात असेल तर तर्जनी पेरात वाकवायला सांगा.

पडद्याला एखादी जाडसर, गडद साडी पुरते. दोरी सगळ्यात बुटक्या लेकराच्या डोक्यावर वीतभर उंच बांधा; उंच पोरांनी गुडघ्यांवर बसायचं, खाली गोधडी टाकून.