ऊर्जा आणि उत्सर्जनाची राष्ट्रीय उद्दिष्टं वाचताना या चुका टाळा

‘२०३०पर्यंत ५० टक्के’ असा मथळा दिसला की पहिला प्रश्न विचारा: पन्नास टक्के कशाचे? वीज प्रकल्पांच्या क्षमतेचे, तयार होणाऱ्या विजेचे, की देशात वापरल्या जाणाऱ्या सगळ्या ऊर्जेचे? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सर्वांत जास्त गल्लत इथंच होते.

क्षमता म्हणजे वीज नव्हे

पॅरिसच्या हवामान कराराअंतर्गत २०२२ साली दिलेल्या सुधारित वचनात भारतानं म्हटलं की २०३०पर्यंत विजेच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी ५० टक्के क्षमता बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल आणि वायू सोडून इतर) स्रोतांची असेल. हा टप्पा २०२५च्या मध्यावरच गाठला गेला. लगेच ‘देशातली निम्मी वीज आता स्वच्छ’ अशी वाक्यं फिरू लागली, आणि ती चुकीची होती.

स्थापित क्षमता म्हणजे प्रकल्प पूर्ण जोमानं चालला तर एका क्षणी किती वीज देईल, तो आकडा. सौर पॅनेलला रात्री काम नसतं, ढग आले की उत्पादन घटतं. वर्षभराचा हिशेब मांडला तर कमाल शक्य विजेच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकीच हाती येते. तेवढ्याच क्षमतेचं कोळशाचं केंद्र तिच्या कितीतरी पट वीज देऊ शकतं. म्हणून क्षमतेत निम्मा वाटा असूनही प्रत्यक्ष निर्मितीत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा जेमतेम पाव होता. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. उद्दिष्टच क्षमतेचं होतं आणि ते पाच वर्षं आधी गाठणं ही खरोखर मोठी गोष्ट आहे. फक्त ज्या मापात वचन दिलं, त्याच मापात ते वाचायला हवं.

‘बिगर-जीवाश्म’ आणि ‘अक्षय’ हे शब्दही अदलाबदलीनं वापरू नका. पहिल्यात अणुऊर्जा येते, दुसऱ्यात येत नाही. भारताच्या २०२२साठीच्या १७५ गिगावॅट अक्षय क्षमतेच्या उद्दिष्टात मोठे जलविद्युत प्रकल्प धरलेलेच नव्हते. २०३०च्या ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमतेच्या उद्दिष्टात ते आहेत आणि अणुऊर्जाही आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘तिप्पट झालं’ म्हणाल तर हिशेब चुकेल.

हीच गफलत देशांची तुलना करतानाही होते. जर्मनीला २०३०पर्यंत अक्षय ऊर्जेचा ८० टक्के वाटा गाठायचाय, तो विजेच्या वापरातला. युरोपीय संघाचं उद्दिष्ट ४२.५ टक्के आहे, पण ते एकूण अंतिम ऊर्जावापरातलं. त्यात वाहनांचं इंधन, कारखान्यांच्या भट्ट्या, घरं उबदार ठेवणं सगळं आलं. जगाच्या अंतिम ऊर्जावापरात विजेचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे. त्यामुळे ४२.५चा आकडा ८०पेक्षा सोपा असेलच असं नाही.

कपात कशाच्या तुलनेत?

उत्सर्जनाच्या टक्क्याला आधारवर्ष नसेल तर तो टक्का बाजूला ठेवा. युरोपीय संघ १९९०शी तुलना करतो, जपान २०१३शी. हे वर्ष कुठून आलं हे पाहण्यासारखं आहे. २०११च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर जपानच्या अणुभट्ट्या बंद पडल्या, कोळसा आणि वायू जास्त जाळावा लागला आणि २०१३मध्ये उत्सर्जन शिखराला पोचलं. शिखरावरून मोजलेली जपानची २०३०ची ४६ टक्के कपात १९९०पासून मोजली तर कमी भरते. उलट जर्मनीला १९९०चं आधारवर्ष सोयीचं पडलं, कारण पूर्व जर्मनीतले जुने, धुरकट कारखाने त्यानंतरच बंद झाले. दोन देशांची तुलना करायची तर टक्के सोडा; दोघांचं एकाच वर्षाचं उत्सर्जन टनांत काढा आणि तिथून मोजा.

काही वेळा तुलना घडलेल्या वर्षाशी नसतेच. इंडोनेशियाचं २०३०चं वचन ३१.८९ टक्के कपातीचं आहे, आंतरराष्ट्रीय मदत मिळाली तर ४३.२ टक्के. ही कपात ‘काहीच केलं नाही तर २०३०मध्ये जितकं झालं असतं’ त्या अंदाजातून आहे. असं वचन पूर्ण होऊनही प्रत्यक्ष उत्सर्जन आजच्यापेक्षा वाढलेलं असू शकतं.

तीव्रतेच्या उद्दिष्टाचंही तसंच. भारताला २००५च्या तुलनेत २०३०पर्यंत ४५ टक्के घट करायची आहे ती सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दर रुपयामागच्या उत्सर्जनात. अर्थव्यवस्था तिप्पट झाली आणि तीव्रता ४५ टक्क्यांनी उतरली, तर एकूण उत्सर्जन ३ × ०.५५, म्हणजे १.६५ पट होईल. वाढत्या अर्थव्यवस्थेसाठी हे माप रास्तच आहे, पण त्याला ‘प्रदूषण ४५ टक्के घटणार’ म्हणणं साफ चूक.

कार्यक्षमतेची उद्दिष्टं

२०२३मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत देशांनी ठरवलं की अक्षय ऊर्जेची क्षमता २०३०पर्यंत तिप्पट करायची आणि ऊर्जा कार्यक्षमता सुधारण्याचा वेग दुप्पट. वेग दुप्पट, म्हणजे दरवर्षीची सुधारणा सुमारे २ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर. ‘कार्यक्षमता दुप्पट होणार’ असं अनेकदा लिहिलं जातं, ते वेगळंच काहीतरी झालं. युरोपीय संघाला २०३०पर्यंत ऊर्जावापर ११.७ टक्क्यांनी घटवायचाय, पण हे टक्केही २०२०च्या वापरातून वजा होत नाहीत. २०२०मध्ये केलेल्या २०३०च्या अंदाजातून होतात.

दोन ठिकाणचे आकडे जुळत नसतील तर

आधी वर्ष बघा: आर्थिक की कॅलेंडर? मग उत्सर्जनात जंगलं आणि जमिनीनं शोषलेला कार्बन वजा केलाय का ते बघा. ‘निव्वळ’ हा एक शब्द बराच मोठा फरक पाडतो. फक्त कार्बन डायऑक्साइड मोजलाय की मिथेनही? मिथेनचा तापमानवाढीचा परिणाम १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट धरतात, २० वर्षांच्या हिशेबात ८० पटींच्या आसपास. आंतरराष्ट्रीय विमानं आणि जहाजं बहुतेक वेळा देशाच्या बेरजेत नसतातच.

हे सगळं जुळलं तरी एक गोष्ट तपासा: उद्दिष्ट भाषणात आहे, पॅरिस करारातल्या वचनात आहे की कायद्यात? पॅरिस करारात वचन सादर करणं बंधनकारक आहे, ते पूर्ण करणं नाही. कायद्याच्या कक्षेत गेलेल्या आकड्याला मात्र न्यायालयात जाब विचारता येतो. नेदरलँड्समध्ये तर आकडा कायद्यात नसतानाही मानवी हक्कांच्या आधारे सरकारला जाब विचारला गेला: तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१९मध्ये सरकारला २०२०अखेर उत्सर्जन १९९०च्या तुलनेत किमान २५ टक्क्यांनी घटवण्याचा आदेश कायम ठेवला.