कोणाला फॉलो करायचं? या चुका टाळा

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा आमच्या देवगडच्या कलमांवर अजून आंबा होता. फोन उघडला तर चार पेजवर एकच व्हिडिओ: माड कोलमडतायत आणि खाली आमच्या तालुक्याचं नाव. व्हिडिओ जुना होता, भलत्याच किनाऱ्यावरचा. हवामान खात्याचा खरा इशारा त्या गर्दीत कुठल्या कुठे गेला. तो मला शेजारच्या काकांनी फोन करून सांगितला.

एकाच विषयाची दहा पेजेस फॉलो करणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. वादळाची माहिती मुळात हवामान खात्याकडूनच येते, बाकीचे तीच उचलून मोठ्या अक्षरांत टाकतात. मूळ धरा. हवामानासाठी खात्याचं मुंबईचं प्रादेशिक केंद्र, आंब्यावरच्या तुडतुडे नि भुरी या कीड-रोगांसाठी दापोलीचं कृषी विद्यापीठ, गाड्यांसाठी कोकण रेल्वे. नावापुढच्या निळ्या खुणेवर विसंबू नका, ती आता पैसे भरूनही मिळते. संस्थेच्या वेबसाइटवर जी लिंक असते, तिथूनच तिच्या सोशल मीडिया खात्यावर जा.

रात्री अंथरुणात पडल्यापडल्या फॉलो करत सुटू नका. एक रील आवडली, म्हणून ते खाते रोज बघावंसं वाटेलच असं नाही. मी आधी शेवटच्या दहा पोस्ट बघते. आंब्याचा सल्ला देणाऱ्याच्या दहापैकी सात पोस्ट औषधांच्या जाहिराती निघाल्या, की तिथूनच मागे फिरते.

नातेवाइकांना अनफॉलो करायचा जीव होत नाही, आणि गणपतीत घरी आल्यावर "काय गो, आमका इसारलंस?" हे ऐकायचंही नसतं. मग म्यूट करा, त्यांना कळत नाही. फेसबुकवर 30 दिवसांचं स्नूझ आहे, तेवढे दिवस त्यांच्या पोस्ट दिसत नाहीत.

तीनशे खाती एका बैठकीत काढायला जाऊ नका, कंटाळून अर्ध्यात सोडाल. इन्स्टाग्रामच्या फॉलोइंग यादीत आपण ज्यांच्याकडे फारसं फिरकत नाही, त्यांचा वेगळा गट असतो. त्यातली रोज पाच काढा.

इन्स्टाग्रामच्या फेव्हरिट्समध्ये, म्हणजे आवडत्या खात्यांच्या वेगळ्या यादीत, 50 खाती ठेवता येतात. माझी अकराच आहेत, सकाळी कलमांत जायच्या आधी बघून होतात. ती यादीही मी हंगामाप्रमाणे बदलते: मोहोर आला की फवारणीचा सल्ला वर, जूनमध्ये त्याच्या जागी रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक.